फक्त ओ दे

पप्पा, तुमची खटखटी ह्या वर्षी माझ्या दारात येऊन वाजली, आणि तेव्हापासून तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय असं सारखं वाटतंय. म्हणून लिहायला बसले. खरं तर आपल्या घरातल्या त्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत लिहायला हवं होतं, पण ती कागदावर उतरवायची आपल्या घरात कुणाला सवय नाही. शाळेतल्या बाईंनी हातात मराठी दिली, तर मराठीच गोड मानून घ्या. तुम्हाला वाचता यायचं तेवढं. भिंग लावून, ओठ हलवत, बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा तुम्ही वाचायचात आणि मग आईला वर्षापूर्वीच्या बातम्या ताज्या म्हणून सांगायचात. ती हसायची नाही, ‘अगं बाई, असं का?’ म्हणायची.

वर्षभर तुम्ही चर्चची घंटा वाजवायचात. पवित्र सप्ताहात गुरुवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत ती शेवटची वाजते आणि मग ईस्टर येईस्तोवर मुकी. दुखवट्यात पितळ वाजवायचं नाही, लाकूड वाजवायचं. त्यासाठी ती खटखटी. फणसाच्या लाकडाची फळी, तिला मूठ, दोन्ही अंगांना हलते ठोकळे. मूठ धरून मनगट फिरवलं की असा कर्कश आवाज निघायचा की आळीतली कुत्री शेपूट घालून पळायची. गुड फ्रायडेला, भर दुपारी, तीनच्या प्रार्थनेचं बोलावणं द्यायला तुम्ही ती घेऊन वाडीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरासमोर जायचात. वाजवायचात आणि उभे राहायचात. आतून कुणीतरी ‘ओ’ दिली की पुढचं घर. ‘आलो’ म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही, ‘येतो, व्हा पुढे’ तर मुळीच नाही. ‘आलो म्हणून न येणारे गावभर हायत,’ तुम्ही म्हणायचात. ‘मला ओ पाहिजे. म्हणजे कळतं, आत माणूस हाय.’

आई त्या दिवशी चूल एकदाच पेटवायची, पेज आणि कैरीची फोड, बस. आणि मला तुमच्या मागे पिटाळायची. ‘जा बघू. उपाशी पोट, डोक्यावर टोपी नाय की छत्री नाय. पडले तर उचलायला कोणतरी हवं ना!’ टोपी न घालण्याचं तुमचं कारण असं, की ख्रिस्ताच्या डोक्यावर त्या दिवशी काट्यांचा मुकुट होता, मग आपण टोपी कशी घालायची? आई म्हणायची, त्याला निदान केस तरी होते. मी तेव्हा अलिबागच्या कॉलेजात जायला लागले होते. कानात नवे डूल, अंगात नवा ताठा. रेवदंड्याच्या मैत्रिणी खाडीपलीकडून फिरायला आल्या आणि त्यांनी आपला बाप दारोदार लाकूड वाजवताना बघितला तर? मी कुंपणाच्या आडोशाने चालायचे. तुम्ही मागे वळून बघायचात आणि पुढच्या घराकडे वळायचात.

माडवाल्या काकांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार! पण लिहिताना मलाच नीट दिसतं, म्हणून लिहिते. काका म्हणजे सगळ्या वाडीचे नारळ पाडणारे. पायात दोरीचा फास अडकवून सरसर वर जाणारे, वरून सगळ्यांच्या चुलीवर काय शिजतंय त्याची चौकशी करणारे, मिस्सेत सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत बेसूर गाणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा खाडीच्या तोंडाशी बुडाला. वारं नव्हतं, लाट नव्हती, पोरगा पोहण्यात पटाईत. दफन झालं, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी घरातल्या अल्तारावरच्या सगळ्या तसबिरी काढून गोणत्यात भरल्या आणि गोणतं गोठ्यात टांगलं. काकी रडत आपल्याकडे आली. तुम्ही पेज पीत होतात. वाटी खाली ठेवून तुम्ही विचारलंत, ‘टांगलंय ना? फेकलं नाय ना?’ ती नाही म्हणाली. ‘मग ठीक हाय,’ म्हणालात आणि परत वाटी उचललीत. मला तुमचा असा राग आला होता की काय सांगू.

मग सगळे त्यांना शहाणपण शिकवायला गेले. फादर दोनदा जाऊन आले. गायनमंडळातल्या एकानं त्यांना बायबलमधल्या ईयोबाची अख्खी गोष्ट ऐकवली, त्याची सगळी मुलं मेली तिथपासून शेवटी त्याला नवी मुलं कशी झाली इथपर्यंत, तेव्हा काकांनी त्याला कोयता दाखवला. त्यानंतर त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. लोक वाईट नव्हते, घाबरले होते. माणसाचं दुःख बघून आपलाच पाय घसरेल असं वाटतं ना, तसं. तुम्ही त्या घरी शिकवायला कधी गेलाच नाहीत. फक्त गुड फ्रायडेला दारात जाऊन उभे राहिलात.

तो पहिला शुक्रवार मला अजून दिसतो. दार लोटलेलं. तुम्ही वाजवता, थांबता. आत भांडं पडतं, म्हणजे माणूस आहे. ओ नाही. परत वाजवता. काकी मागच्या दारातून पदर सावरत येते आणि हळूच ‘ओ’ म्हणते, तर तुम्ही मान हलवता. ‘तुझी नको बाय. त्याची.’ ऊन नुसतं भाजून काढतंय. मी कुंपणाआडून बाहेर येऊन तुमच्या शर्टाला हिसका देते आणि चांगली मोठ्याने म्हणते, ‘चला ना पप्पा, फादर खोळंबलेत. नाही द्यायची त्यांना ओ तर नाही द्यायची, जगबुडी येणारेय का?’ तुम्ही माझ्याकडे बघता. उभ्या आयुष्यात तुम्ही मला झापलं नव्हतं, त्या दिवशी झापलंत. ‘ओ द्यायची का नाय ते त्याचं तो बघेल. उभं राहायचं ते माझं काम हाय. तू मध्ये तोंड घालू नको.’ प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा तुम्ही खटखटी काखेत मारलीत आणि निघालात. रागावून नव्हे, हं. पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या वर्षी परत. बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून त्यांचं घर सगळ्यांत शेवटी घ्यायला लागलात, एवढाच काय तो फरक.

मग एका वर्षी काकांनी डोकं लढवलं. तुम्ही यायच्या सुमाराला ते माडावर जाऊन बसले. गुड फ्रायडेला माडावर! आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. तुम्ही दारात वाजवलंत, अंगणात वाजवलंत, मग मान वर केलीत आणि सरळ माडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिलात. वाजवायचं, थांबायचं, वर बघायचं. वरून एक झावळी आली. मग एक शहाळं आलं, तुमच्यापासून दोन हातांवर फुटलं. मी किंचाळले. तुम्ही नुसते बाजूला झालात, पायावरचं पाणी झटकलंत आणि परत तिथेच येऊन उभे. किती वेळ गेला देव जाणे. आणि मग वरून, त्या झावळ्यांतून, माणसाचा आवाज आला. ‘ओ! ओ! दिली ओ! आता तरी जा रे बाबा घरी!’ तुम्ही टकलावरून हात फिरवलात, ‘हां’ म्हणालात, आणि चर्चच्या वाटेला लागलात. मागे वळून बघितलंसुद्धा नाहीत.

काका त्या वर्षी चर्चला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले, ते चपलांच्या ढिगाशी, दाराबाहेर उभे राहिले. कधीतरी आत सरकले. कधीतरी गायला लागले, तसेच बेसूर. तुमचे गुडघे गेले तेव्हा तुम्ही खटखटी त्यांच्या हातात दिलीत, ज्यानं तुमच्यावर शहाळं टाकलं त्याच्याच हातात, आणि मग तुम्ही गेलात, मग आई. मला ही सगळी गंमतच वाटायची, पप्पा. लग्न झाल्यावर तुमच्या जावयाला मी ती शहाळ्याची गोष्ट साभिनय करून दाखवायचे आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

तुमचा जावई गेला. आजार लांबला, फार लांबला. सगळ्या वाडीनं त्याच्यासाठी नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या, उपास धरले, मी गुडघे सोलवटून घेतले. काही झालं नाही. दफनाच्या दिवशी घर भरून माणसं होती आणि माझी शेजारीण माझा हात धरून म्हणाली, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात गं.’ मी म्हटलं, ‘म्हणून तुझा नवरा राहिला होय?’ माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. बोलले ते बोलले, आणि अजूनही मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण त्यानंतर माझ्या घरीही माणसं फिरकेनाशी झाली. मी चर्चला गेले नाही. त्याच्या नावानं महिन्याची मिस्सासुद्धा सांगितली नाही. अल्तार मात्र काढला नाही, नुसता पडदा ओढून ठेवला. टांगलं, फेकलं नाही, असं म्हणा हवं तर.

आता मी घरगुती जेवणाची पाटी लावलीय. दीपस्तंभ बघायला, किल्ल्यावर चढायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, अंगणात गाड्या लावतात, ओट्यावर बसून जेवतात. ह्या गुड फ्रायडेला सुट्टी जोडून आलेली, तेव्हा मुंबईच्या पोरांचा एक घोळका आला आणि म्हणाला, ‘आंटी, चिकन मिलेगा?’ आणि मी, तुमची मुलगी, हो म्हटलं. मुद्दाम म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी आपल्या घराण्याच्या चुलीवर कोंबडी चढली. वाटण भाजताना मला वाटत होतं, बघ आता, बघ म्हणावं वर बसून.

आणि अंगणात खटखटी वाजली.

मी खिडकीतून बघितलं. माडवाले काका. किती म्हातारे झालेत पप्पा! पाय सुजलेले, प्लास्टिकच्या चपलांतून बाहेर आलेले, डोक्यावर टोपी नाही. दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेत उभे. हल्ली सगळ्या वेळा चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, ह्या फिरण्याची कुणाला गरज उरलेली नाही, तरी ते फिरतात. मी आतूनच ओरडले, ‘काका, पुढे व्हा! चर्चमध्ये थांबलेत सगळे!’ ते हलले नाहीत. पोरांना मजा वाटली. एकानं मोबाइल काढला. ‘अंकल, एक बार फिर बजाओ ना, वीडियो लेना है.’ काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याच्यासाठी वाजवलंही नाही. थांबले, मग स्वतःच्या वेळेनं वाजवलं. मी खुर्ची घेऊन दारापर्यंत गेले. ‘बसा तरी. पाय बघा जरा तुमचे.’ तर म्हणतात, ‘बसलो तर उठवणार कोण, तुझा बाप?’ मी खुर्ची तिथेच आपटली आणि आत आले.

आता ऐका, कारण हेच सांगायला लिहितेय. मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं दाराच्या बाहेर उभी होते, पप्पा. पुढे दरवर्षी पहिल्या वाजण्यालाच ओ देऊन मोकळी व्हायचे, त्यामुळे ओ न देता आतून कसं ऐकू येतं ते मला ठाऊकच नव्हतं. बाहेरून ती नुसती कटकट वाटते. आतून तसं नाही. वाजणं थांबतं ना, त्यानंतरची जी शांतता आहे, ती फार मोठी आहे. तिच्यात कुणी उपदेश करत नाही, देवाची इच्छा समजावत नाही, तुझं चुकलं म्हणत नाही, रड म्हणत नाही आणि रडू नको असंही म्हणत नाही. एक माणूस उन्हात उभा आहे आणि तू आत आहेस हे त्याला माहीत आहे, बस एवढंच. इतक्या महिन्यांत मी कुठे आहे हे कुणी विचारलं नव्हतं. हातातली पळी तशीच राहिली. मला तुम्ही दिसलात, त्या माडाखाली, मान वर करून, आणि पहिल्यांदाच ती गंमत वाटली नाही. बाप रे, केवढं मोठं काम करत होता माझा बाप, आणि मी कुंपणाआड लपत होते!

तरी माझ्या तोंडून ओ निघेना. काकांनी तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा फळी त्यांच्या हातातून निसटतेय असं दिसलं, आणि गुडघ्यात ते जरा वाकले. मी मसाल्याच्या हातांनी दारात धावले आणि ओरडले, ‘ओ! ओ दिली काका, ओ!’

काकांनी मान हलवली. ‘हां,’ म्हणाले. अगदी तुमच्यासारखं. मग नाक वर करून म्हणाले, ‘कोंबडी काय गं? बघ, लागतेय खाली.’ लागतच होती! मी आत पळाले, बाहेर आले, तर ते खुर्चीत बसले होते आणि पोरांकडून पाणी मागून पीत होते. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि एकदम बोलून गेले, ‘काका, देवाला नाही दिली मी ओ. तुमच्या पायांकडे बघवेना म्हणून दिली.’ मला वाटलं रागावतील. म्हातारा खुदकन हसला. म्हणाला, ‘मग मी काय देवाला दिलेली? वरनं तुझ्या बापाचं टक्कल दिसत होतं. लालबुंद झालेलं. म्हटलं, हा येडा मरेल आज माझ्या नावानं. त्याची दया आली म्हणून दिली.’

मग पाणी संपवून म्हणाले, ‘हे मी त्याला सांगितलं नंतर. तर तो म्हणतो कसा, मीपण तशीच दिली होती.’

मी म्हटलं, कोण? कधी? आणि तेव्हा मला कळलं, पप्पा. माझ्या आधी तुम्हाला एक मुलगी झाली होती हे मला माहीत होतं, कबरस्तानातला तो लहानसा क्रूस मला आई दाखवायची. ती तापानं गेल्यावर तुम्ही, तुम्ही पप्पा, चर्चची पायरी चढणं सोडलं होतं हे मला कधी कुणी सांगितलं नाही. तुम्ही दार लावून आत बसायचात आणि कुणीतरी खटखटी घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं, आणि शेवटी त्या माणसाचे हाल बघवेनात म्हणून तुम्ही ओ दिलीत. मी विचारलं, कोण उभं राहायचं? काका म्हणाले, ‘ते मी इचारलं नाय. असेल कोणतरी. त्याच्यासाठीपण राहिलं असेल कोणतरी.’ असं म्हणून ते उठले, मीच उठवलं, तुम्ही नव्हतात ना, आणि माझ्या खांद्याला धरून अंगणाच्या तोंडापर्यंत आले, तिथून एकटेच चर्चकडे निघाले.

तेव्हापासून मी ह्याच विचारात आहे. आपल्या वाडीतला विश्वास इतकी शतकं टिकला तो धर्मशिक्षणाच्या पुस्तकांनी टिकला, उत्सवांनी टिकला असं मला वाटायचं. असेलही. पण मागे मागे बघत गेलं तर एका दारात एक माणूस उभा दिसतो, त्याच्या मागे आणखी एका दारात आणखी एक, आणि त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी आत दडून बसलेला. साधू कुणीच नाही. त्यातल्या अगदी पहिल्या दारात कोण उभं होतं ह्याचा विचार करते तेव्हा माझं डोकं चालत नाही. चर्चमधल्या त्या क्रुसाकडे बघायला मग जरा भीती वाटते. भीती म्हणजे वाईट नव्हे. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हाची.

पोरांना मी कोंबडी वाढली, ‘लागलीय जरा, सांभाळून घ्या’ म्हटलं, आणि उशिरा का होईना, गेले. चपलांच्या ढिगाशी उभी राहिले. आत लोक रांगेनं क्रुसाच्या पायांचं चुंबन घेत होते. मी गेले नाही, पाय उचललेच नाहीत. शेजारीण मागच्या बाकावर होती. तिनं मला बघितलं आणि सरकून पंख्याखालची जागा करून दिली. मी बसले. बऱ्याच वेळानं ती समोर बघतच पुटपुटली, ‘माझा राहिलेला नवरा विचारत होता, कशी आहेस म्हणून.’ पप्पा, गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत, सगळ्या मूर्तींवर जांभळी फडकी असताना, आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन अशा हसलो की फादरना वाटलं आम्ही रडतोय. नंतर रडलोच.

तुमची खटखटी माझ्याकडेच आहे. काका परत जाताना ओट्यावर ठेवून गेले, म्हणाले, ‘ठेव जरा,’ आणि न्यायला आलेच नाहीत. त्यांना परवा विचारलं तर कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवतात. स्वयंपाकघरात खुंटीला अडकवून ठेवलीय. पलीकडच्या आळीतला एक जण हल्ली चर्चला येत नाही, त्याचं दार कुठलं ते मला माहीत आहे. टोपी मात्र मी घालणार, आधीच सांगते.

हे पत्र कुठे टाकू? तुमच्या कबरीवर ठेवलं तर वाऱ्यानं खाडीत जाईल. घडी करून पडद्यामागे अल्तारावर ठेवते. पडदा अजून पुरता सरकवलेला नाही, हेही तुम्हाला कळलेलं बरं. आणि एक सांगते, ते तुमच्यापाशीच ठेवा. ‘पप्पा’ ही पहिली ओळ लिहिली ना, तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते. कान देऊन.